जुन्या वाणाचा टोमॅटो: परसबागेपासून बरणीपर्यंत

आज बाजारात मिळणारा टोमॅटो प्रामुख्याने टिकण्यासाठी घडवलेला आहे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटमध्ये भरलेला माल शेकडो किलोमीटर प्रवास करून दुसऱ्या राज्यातील दुकानात आणखी काही दिवस मांडता यावा, यासाठी त्याची साल जाड, गर घट्ट आणि आकार एकसारखा असावा लागतो. ज्या शेतकऱ्याचे वर्षाचे गणित या पिकावर उभे असते, त्याने असे संकरित वाण निवडणे पूर्णपणे योग्य आहे. परसबागेवर मात्र हे बंधन नसते, आणि म्हणूनच पातळ सालीचे, रसाळ, वेड्यावाकड्या आकाराचे जुने वाण आता जगू शकतील अशी जागा मुख्यतः परसबागच उरली आहे. एवढे मात्र आधीच समजून घ्यावे लागते, की हे फळ टिकत नाही. त्यामुळे जुन्या वाणाची लागवड करणाऱ्याने साठवणीचा विचार तोडणीनंतर करून चालत नाही. बी पेरण्यापूर्वीच तो करावा लागतो. कोणते फळ ताजे खायचे, कोणते आटवायचे, कोणते वाळवायचे आणि कोणते केवळ बियांसाठी राखायचे, यावर रोपांची संख्या आणि जागा ठरते.

साताऱ्यातील आमच्या घरामागच्या जागेत मी जे वाण लावतो, त्यांतील मला सर्वांत प्रिय असलेला वाण माण तालुक्यातील माझ्या आत्यांकडून आलेला गावरान टोमॅटो आहे. तो चपटा असतो, देठाकडून खाली उतरणाऱ्या उभ्या खाचांमुळे भोपळ्याच्या फोडींसारखा दिसतो, पिकल्यावर हातात धरला तरी दबतो आणि चवीला स्पष्ट आंबट असतो. आमटीत किंवा सारात चिंच घालण्याची गरज उरत नाही. त्याच्या जोडीला ‘ब्रँडीवाइन’ आणि ‘चेरोकी पर्पल’ हे दोन अमेरिकी जुने वाण आणि आटवण्यासाठी लांबट फळांचा ‘रोमा’ असतो. चेरोकी पर्पलचा सध्याचा प्रसार १९९० मध्ये सुरू झाला. टेनेसी राज्यातून कोणीतरी पोस्टाने पाठवलेले बियाणे क्रेग लहूलियर या हौशी बागाईतदाराच्या हाती आले, त्याने ते लावून पाहिले, नाव दिले आणि बियाणे विक्रेत्यांपर्यंत पोहोचवले. एका पाकिटातून एवढे झाले, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते. कारण आपल्याकडील गावरान वाणही असेच कोणाच्या तरी फडताळातील एका पुरचुंडीवर तगून आहेत.

या सर्व वाणांना जोडणारी गोष्ट म्हणजे ते सरळ वाण आहेत. सरळ वाणाच्या फळातील बी लावले, तर पुढच्या वर्षी तसेच झाड येते. संकरित वाणाचे बी लावल्यास पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि प्रत्येक झाड वेगळे निघते. सरळ वाण म्हणजे जुनाच वाण असे मात्र नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ हेही सरळ वाण आहेत आणि ज्यांना गावरान बियाणे मिळत नाही त्यांनी बी राखण्याचा सराव त्यांच्यापासून करण्यास काहीच हरकत नाही.

जुन्या वाणांच्या चवीबद्दल पुष्कळ भावनिक लिहिले जाते, पण तिच्यामागे ठोस कारणेही आहेत. पिकण्यापूर्वी गावरान टोमॅटोचा देठाकडील भाग, म्हणजे त्याचे खांदे, गडद हिरवे असतात. विसाव्या शतकात व्यापारी वाण घडवताना हा गडद खांदा मुद्दाम काढून टाकला गेला, कारण सगळीकडे सारखे फिकट हिरवे असलेले फळ एकसारखे पिकते आणि तोडणीची वेळ ओळखणे सोपे जाते. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या बदलामागील जनुक सापडले आणि असे दिसून आले, की तेच जनुक फळातील हरितकणांची वाढ घडवते. ते निकामी झाले, की फळ स्वतः साखर कमी तयार करते. भाजीवाले ज्या फळाला ‘वरून कच्चे आहे’ म्हणून बाजूला काढतात, त्या फळाच्या खांद्यातच त्याच्या गोडीचा एक भाग असतो. चिरताना खांद्याचा कडक पिवळसर भाग थोडा काढून टाकावा लागला तरी मला त्याचे वाईट वाटत नाही.

हंगामाची निवड हा आपल्या हवामानात सर्वांत निर्णायक मुद्दा आहे. टोमॅटोचे परागकण रात्रीचे तापमान साधारण १३ अंशांखाली गेले किंवा २१-२२ अंशांच्या वर राहिले, तर नीट काम करीत नाहीत आणि फुले गळतात. दिवसा ३५ अंशांच्या वर तर फळधारणा जवळजवळ थांबते. संकरित वाणांपैकी काहींमध्ये उष्णता सोसण्याचा गुण आणलेला असतो, जुन्या वाणांकडून तशी अपेक्षा धरता येत नाही. शिवाय फळाला लाल रंग देणारे लायकोपीन ३० अंशांच्या वर तयार होणे मंदावते, म्हणून एप्रिलमध्ये पिकलेले फळ नारिंगी आणि डागाळलेले दिसते. या सगळ्याचा विचार करता आमच्या भागात ऑगस्टच्या उत्तरार्धात बी टाकणे आणि पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरच्या अखेरीस रोपे लावणे, हीच वेळ मला योग्य वाटते. फुलोरा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुखद रात्रींत येतो, फळे थंडीत सावकाश भरतात आणि डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तोडणी चालते. ब्रँडीवाइनसारख्या उशिरा येणाऱ्या वाणाला पहिले फळ पिकवण्यासाठी लावणीनंतर तीन महिनेही लागतात, त्यामुळे त्याची रोपे आधी तयार ठेवावी लागतात.

रोपे कोकोपीट आणि गांडूळखत यांच्या मिश्रणात, पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला, पण भरपूर उजेडात वाढवावीत. भाद्रपदातील दमट हवेत रोपे बुडाशी सडून कोलमडतात, म्हणून पाणी सकाळी एकदाच आणि बेताने द्यावे. २५ ते ३० दिवसांचे रोप लावणीयोग्य होते. लावताना ते खालची पाने काढून खोल लावावे. जमिनीत गाडलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात आणि झाड भक्कम होते. आमच्याकडील काळ्या जमिनीत पाणी साचते, त्यामुळे सपाट जमिनीपेक्षा वीतभर उंचीचे गादीवाफे आवश्यक आहेत. त्यांत पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड एवढे पुरते. नत्र जास्त झाले, की झाड नुसते माजते, पाने गडद आणि वळलेली होतात आणि फुले उशिरा येतात. जुने वाण बहुतेक सतत वाढणारे असल्याने दोन झाडांत किमान दोन ते अडीच फूट अंतर हवे आणि आधारही हवाच. माणमध्ये आत्या या वेलांना तुराट्यांच्या कुंपणावर पसरू देतात आणि कोरड्या हवेत ते चालूनही जाते. आमच्याकडील दवात मात्र जमिनीला टेकलेले प्रत्येक पान रोगाला आमंत्रण ठरते, म्हणून मी बांबू, तार आणि सुतळी वापरून एका झाडावर दोनच फांद्या ठेवतो, बाकी बगलफुटी लहान असतानाच बोटांनी मोडतो आणि जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पाने काढून टाकतो.

पाण्याच्या बाबतीत प्रमाणापेक्षा सातत्य महत्त्वाचे आहे. पातळ सालीचे फळ भरत असताना जमीन आधी सुकली आणि मग अचानक भरपूर पाणी मिळाले, तर गर सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि फळ देठाभोवती गोलाकार किंवा उभे तडकते. ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाने हेच होते. वाळलेल्या गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे जाडीचे आच्छादन हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. फळाचे बूड काळे पडून आत दबणे हादेखील बहुतांशी पाण्याच्या अनियमिततेचाच परिणाम असतो. तेथे कॅल्शियम कमी पडलेले असते हे खरे, पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियमची उणीव क्वचितच असते. ते पाण्याबरोबर फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण असते. त्यामुळे झाडाच्या बुडाशी अंड्याची टरफले पुरण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याचा त्या हंगामात काही उपयोग होत नाही. टरफले कुजण्यास फार काळ लागतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

रोगांबद्दल मी कोणालाही खोटी आशा दाखवू इच्छित नाही. नव्या वाणांमध्ये मर रोग, सूत्रकृमी आणि काही विषाणू यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आणलेली असते. जुन्या वाणांकडे ती बहुधा नसते. ज्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतला, तेथे पुढची दोन-तीन वर्षे यांपैकी काहीही न घेणे हा नियम परसबागेतही पाळावा. जागा अपुरी असेल तर मोठ्या कुंड्यांमध्ये नवी माती घेऊन लागवड करावी. कोकण आणि गोव्याच्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत जिवाणूजन्य मर फार त्रास देते आणि उभे हिरवे झाड दोन दिवसांत मान टाकते. तेथे वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम करणे हा सिद्ध झालेला मार्ग आहे. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पाने आकसण्याचा विषाणू आला, तर झाड वाचवण्याचा प्रयत्न न करता ते उपटून बाहेर काढणेच शहाणपणाचे असते. फळे पोखरणाऱ्या अळीसाठी टोमॅटोच्या रोपांपेक्षा पंधरा दिवस आधी तयार केलेली झेंडूची रोपे कडेने लावली, की अंडी घालणारे पतंग झेंडूच्या कळ्यांकडे वळतात. पुणे परिसरात २०१४ मध्ये प्रथम आढळलेली ‘टुटा’ ही नागअळी आता सर्वत्र आहे. तिच्या पतंगांसाठी कामगंध सापळा लावावा आणि पांढरट पापुद्रे दिसणारी पाने लगेच काढून जाळावीत. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोच्या झाडाला स्पर्श करू नये. तंबाखूतील मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षे जिवंत राहतो आणि हातांवाटे झाडावर येतो. बागेत मदतीला येणाऱ्या काकांना मी साबणाने हात धुण्याची विनंती करतो आणि तेही ती मनावर घेतात.

फुलोऱ्याच्या काळात बियांचा विचार सुरू व्हायला हवा. टोमॅटोचे फूल मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळते, कारण पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला वेढून असते. त्यातून पराग झडण्यासाठी कंप लागतो, जो वाऱ्याने किंवा मोठ्या काळ्या भुंग्यांच्या गुणगुणण्याने मिळतो. नेहमीच्या मधमाश्यांना तो कंप साधत नाही. पण गावरान, खाचा असलेल्या फळांच्या आणि बटाट्यासारखी पाने असलेल्या ब्रँडीवाइनसारख्या काही वाणांत स्त्रीकेसराचे टोक नळीच्या बाहेर येते, आणि तेव्हा शेजारच्या वाणाचा पराग तेथे पोहोचू शकतो. माझ्या छोट्या जागेत दोन वाणांमध्ये पुरेसे अंतर राखणे शक्य नसल्याने, बियांसाठी निवडलेल्या झाडावरील एका घोसावर कळ्या उमलण्यापूर्वीच जाळीदार कापडाची पिशवी बांधतो, दिवसातून एकदा ती हलकेच टिचकी मारून हलवतो आणि फळ हरभऱ्याएवढे झाले, की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधतो. येथे निवड फळाची नसून झाडाची असते. रोगट झाडावरील एकुलते एक देखणे फळ बियांसाठी घेण्यापेक्षा निरोगी, भरपूर फळलेल्या आणि वाणाच्या मूळ लक्षणांशी जुळणाऱ्या झाडाचे साधे फळ घ्यावे, आणि शक्य असेल तर एकाच झाडाऐवजी चार-पाच झाडांचे बी एकत्र करावे.

खाण्याची फळे मी झाडावर पूर्ण पिकू देत नाही. फळाच्या बुडाशी गुलाबी रंग फुटून तो अर्ध्यापर्यंत चढला, की तोडतो. पिकण्याची क्रिया त्या वेळी फळाच्या आत सुरू झालेली असते आणि ती घरातही पूर्ण होते. झाडावर ठेवले तर बुलबुल, अळी, तडकणे आणि ऊन यांपैकी काहीतरी त्याला गाठतेच. अशा फळाच्या चवीत मला तरी उणीव जाणवलेली नाही. पूर्ण हिरवे तोडून पिकवलेल्या फळाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

घरातील साठवणीसाठी आंब्याच्या आढीची जुनी रीत थोड्या फरकाने उपयोगी पडते. उत्तरेकडील, उन्हाचा स्पर्श नसलेल्या खोलीत बांबूच्या रुंद पाटीत कोरड्या पेंढ्याचा पातळ थर पसरून त्यावर फळे एकाच थरात, एकमेकांना न टेकवता, देठाची बाजू खाली करून ठेवावीत. फळातील ओलावा सर्वाधिक देठाच्या खुणेतून उडतो आणि बुरशीही तेथूनच शिरते, म्हणून ती बाजू खाली ठेवणे हिताचे असते. चपट्या गावरान फळांचे खांदे मात्र कोमल असतात आणि त्यांवर वजन आले तर काळे पडतात. त्यांच्याखाली पेंढा थोडा जाड असावा. फळे धुवू नयेत, मऊ फडक्याने पुसावीत. आंब्याच्या आढीत आपण थरावर थर रचून उष्णता कोंडतो, येथे नेमके उलटे करायचे असते. १८ ते २० अंशांच्या आसपास हवा खेळती राहिली, तर अर्धे रंगलेले फळ पाच-सहा दिवसांत पिकते. रोज सकाळी पाटीवर नजर फिरवून मऊ पडलेले फळ उचलावे, कारण एक फळ नासले की शेजारची चार घेऊन जाते. पिकणाऱ्या टोमॅटोतून इथिलीन वायू बाहेर पडतो, त्यामुळे पालेभाज्या आणि काकडी त्याच्याजवळ ठेवल्यास त्या लवकर पिवळ्या पडतात. पाहुणे येणार असून पिकलेली फळे लवकर हवी असतील, तर याच गुणाचा उपयोग करून काही फळे केळ्यासोबत झाकून ठेवता येतात.

फ्रिजबद्दल माझे मत ठाम आहे. रंग फुटलेले पण न पिकलेले फळ फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये. सुमारे १२ अंशांखाली टोमॅटोची सुगंधी द्रव्ये तयार करण्याची क्षमता मंदावते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधनात असे आढळले, की आठवडाभर ५ अंशांत ठेवलेले फळ नंतर एक दिवस बाहेर ठेवले तरी त्याचा सुगंध पूर्ववत होत नाही. साखर आणि आम्ल तेवढेच राहते, पण ज्याला आपण टोमॅटोची चव म्हणतो तो वास हरवतो. पूर्ण पिकलेले आणि त्या दिवशी खाणे शक्य नसलेले फळ एक-दोन दिवसांसाठी आत ठेवल्यास फारसे बिघडत नाही, मात्र खाण्यापूर्वी ते काही तास बाहेर काढून ठेवावे. ज्यांना वाटेल त्या वेळी चार फळे फ्रिजमधून काढून चिरायची सवय आहे, त्यांनी बाजारातील जाड सालीचे वाण खुशाल वापरावेत. ब्रँडीवाइन त्यासाठी नाही. इटलीत व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी ‘पिएन्नोलो’ नावाचे लहान, टोकदार टोमॅटो घोसांसकट दोरीला बांधून छताखाली टांगतात आणि ते थंडीभर टिकतात. जुने वाण कधीच टिकत नाहीत असे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरेल. पण त्या टिकाऊपणासाठी तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या निवड केलेली आहे आणि आपल्या रसाळ गावरानाची निवड सारासाठी झालेली आहे.

फेब्रुवारी संपताना ऊन वाढते आणि झाडावर पुष्कळ हिरवी फळे शिल्लक असतात. त्यांपैकी कोणती घरात पिकतील हे ओळखण्यासाठी त्या आकाराचे एक फळ आडवे चिरून पाहावे. आत जेलीसारखा गर तयार झाला असेल आणि सुरीखालून बिया निसटून बाजूला होत असतील, तर तेवढी फळे पिकतील. बिया सुरीने कापल्या जात असतील, तर ती कितीही दिवस ठेवली तरी नुसती सुकतील. अशा कोवळ्या फळांची लसूण, हिरवी मिरची, भाजलेले शेंगदाणे आणि जिरे घालून केलेली चटणी आमच्या घरी भाकरीबरोबर आवडीने खाल्ली जाते.

एकदम आलेला माल टिकवण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे आटवून गोठवणे. रोमा आणि गावरान एकत्र शिजवले, की एकाचा घट्टपणा आणि दुसऱ्याचा आंबटपणा जुळून येतो. चाळणीतून काढलेला रस मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवून, गार झाल्यावर लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. वेळ नसेल तेव्हा अख्खी फळे तशीच गोठवता येतात; बाहेर काढून पाण्याखाली धरली, की साल आपोआप सुटते. बरण्यांमध्ये भरून बाहेर ठेवायचे असेल, तर मात्र काटेकोरपणा हवा. टोमॅटोचा सामू (आम्लतेचे माप; तो जितका जास्त, तितकी आम्लता कमी) ४.६ या धोक्याच्या रेषेच्या अगदी जवळ असतो आणि काही गोडसर जुने वाण ती ओलांडतात. तसे झाले तर हवाबंद बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे विष वासाने किंवा रंगाने ओळखता येत नाही. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बरणीत पाव छोटा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घालावेच. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून अर्ध्या लिटरच्या बरणीला समुद्रसपाटीला ३५ मिनिटे लागतात. सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी थोड्या कमी तापमानाला उकळते, म्हणून मी ४० मिनिटे धरतो.

वाळवणासाठी आपले मार्च-एप्रिलचे ऊन उत्तम असते, पण तेव्हा पातळ रसाचे गावरान फळ वापरण्यात अर्थ नाही. त्याचे ताटाला चिकटलेले पापुद्रे तेवढे उरतात. रोमाचे उभे काप करून, बिया काढून, मीठ लावून स्टीलच्या जाळीवर किंवा ताणून बांधलेल्या सुती कापडावर वाळवावेत, वरून मलमल टाकावी आणि संध्याकाळी घरात आणावेत. काप वाकवल्यावर मोडण्याइतके कोरडे झाले पाहिजेत. आपल्या पावसाळ्यात चामट काप महिनाभरात बुरसतात. तेलात लसणासह बुडवून बाहेर ठेवण्याची परदेशी पद्धत मी टाळतो, कारण त्यातही तोच बॉट्युलिझमचा धोका असतो. काप दळून केलेली भुकटी घट्ट झाकणाच्या बाटलीत श्रावणापर्यंत चांगली राहते आणि आमटीला सुरेख रंग देते.

आता बियांकडे वळतो, कारण जुन्या वाणाची खरी साठवण तीच आहे. दोरा बांधलेले फळ झाडावरच खाण्यायोग्य अवस्थेच्याही पुढे, मऊ होईपर्यंत पिकू द्यावे. ते आडवे कापून बिया रसासकट काचेच्या पेल्यात काढाव्यात आणि वर कापड बांधून सावलीत ठेवाव्यात. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. दोन दिवसांत रस आंबतो, वर पांढरी साय धरते आणि ते आवरण विरघळते. उष्ण दिवसांत एवढा वेळही पुष्कळ होतो; अधिक काळ ठेवल्यास बिया पेल्यातच मोड धरतात. मग भरपूर पाणी ओतून ढवळले, की भरलेल्या बिया तळाशी बसतात आणि पोकळ बिया गरासकट वर तरंगतात. वरचे पाणी स्वच्छ होईपर्यंत ओतून टाकावे. बिया कागदावर वाळवल्यास चिकटून बसतात, म्हणून चिनी मातीच्या बशीत पसरून, पंख्याच्या वाऱ्याखाली सावलीत वाळवाव्यात आणि दिवसातून दोन-तीनदा बोटांनी मोकळ्या कराव्यात. थेट उन्हात वाळवल्यास उगवणशक्ती कमी होते.

बियांचे आयुष्य ओलावा आणि उष्णता या दोन गोष्टींवर ठरते. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला, की आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरले तरी तसेच होते, असा बियाणेशास्त्रातील ढोबळ नियम आहे. आत्या बिया कोरड्या राखेत घोळून, फडक्यात बांधून मडक्यात ठेवतात आणि माणच्या कोरड्या हवेत ती रीत उत्तम चालते. आमच्याकडील पावसाळ्यात ती पुरेशी नाही. मी बिया कागदी पाकिटात घालून, कढईत भाजून पूर्ण गार केलेल्या तांदळाबरोबर काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवतो. तांदूळ उरलेला ओलावा शोषून घेतो. मग तांदूळ काढून बरणी फ्रिजमध्ये जाते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर थंड बियांवर हवेतील ओलावा जमतो आणि सगळी मेहनत वाया जाते. अशा रीतीने ठेवलेले टोमॅटोचे बी पाच-सहा वर्षे चांगले उगवते. दरवर्षी पेरणीआधी थोड्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे, आणि उगवण निम्म्यावर येण्यापूर्वी तो वाण पुन्हा लावून नवे बी धरावे. पाकिटावर वाणाचे नाव, वर्ष, कोणाकडून आले आणि फळाचे वर्णन एवढे तरी लिहावे. नुसते ‘गावरान’ लिहिलेले पाकीट दोन वर्षांनी कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

एकाच घरातील बरणी ही अपुरी साठवण आहे, हे मला अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या कामातून पटले. बायफ संस्थेच्या साहाय्याने त्यांनी उभी केलेली गावरान बियाण्यांची बँक सर्वांना ठाऊक आहे आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण त्यांच्या कामाचे मर्म मला बियाण्याच्या वाटपात दिसते. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, देवघेव करण्याचा आणि ब्रँडच्या नावाने नसेल तर विकण्याचाही हक्क दिलेला आहे. म्हणून मी प्रत्येक वाणाची तीन पाकिटे करतो. एक माझ्याकडे राहते, एक वाईच्या मावशींकडे जाते आणि एक कोरेगावच्या एका मित्राकडे, ज्याची जमीन आणि पाणी दोन्ही आमच्यापेक्षा वेगळे आहे. ज्यांच्याकडे सातारा, सांगली किंवा सोलापूर भागातील जुने, खाचांचे, आंबट टोमॅटो अजून असतील, त्यांनी या थंडीत निदान एका झाडाच्या एका घोसाला दोरा बांधावा आणि बी धरल्यावर त्यातील चिमूटभर मलाही द्यावे. बदल्यात माणच्या वाणाचे पाकीट मी आनंदाने देईन.